मेद, बीज आणि औषध : पुरुषाच्या अनपत्यत्वाचा एक शब्देतिहास

चिमूर हे उमा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. ताडोबा-अंधारीच्या रानाकडे जाणारी कोलाऱ्याची वाट याच तालुक्यातून जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत येथून पूर्वेकडचा सारा झाडीमुलूख एकाच चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत होता. या मुलखाच्या दोन वस्तूंना भारतीय वैद्यकाच्या इतिहासात स्थान आहे. पहिली मुसळी. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या या वनस्पतीची मुळे खणून, सोलून, वाळवून विकली जातात आणि ती पुरुषाला बळ देणाऱ्या पाकांत पडतात. दुसरी वस्तू कोदो. गडचिरोलीच्या डोंगराळ भागातील गोंड व माडिया लोकांच्या ताटात हे भरड धान्य पिढ्यान्‌पिढ्या राहिले. संस्कृत वैद्यकग्रंथांनी ते कोद्रव या नावाने स्थूल माणसाचे पथ्य म्हणून सांगितले.

एक वस्तू शरीरात भर घालण्यासाठी, दुसरी शरीरातले जादा उतरविण्यासाठी. मेद वाढलेल्या आणि त्याच कारणाने अपत्य न होणाऱ्या पुरुषाला यांपैकी कोणती द्यावी, या प्रश्नाभोवती त्याच्या औषधोपचाराचा दोन हजार वर्षांचा इतिहास गुंफता येतो. प्राचीन ग्रंथांत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. व्यवहाराने मात्र पुनःपुन्हा उलट दिशा धरलेली दिसते. असे का घडले याचा शोध औषधांच्या यादीत घेण्यापूर्वी शब्दांत घेणे अगत्याचे आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठीतील ‘वांझ’ हा शब्द संस्कृत ‘वन्ध्या’ आणि प्राकृत ‘वंझा’ या वाटेने आला. मूळ स्त्रीलिंगी रूपच मराठीत उतरले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. संस्कृतात ‘वन्ध्य’ हे विशेषण तिन्ही लिंगांत चालते; परंतु ‘वन्ध्य’ या पुल्लिंगी रूपाचे विशेष्य बहुधा श्रम, यत्न, मनोरथ असे असते, मनुष्य नसतो. अशक्य वस्तूचे उदाहरण म्हणून दर्शनकारांनी योजिलेला ‘वन्ध्यापुत्र’ हाही स्त्रीचाच पुत्र आहे. मराठीत ‘वांझोटा’ असे पुल्लिंगी रूप झाले, पण तो शब्द सामान्यतः वादाला वा संतापाला लावला जातो. वांझ गाय असते, वांझ झाड असते, वांझ स्त्री असते. वांझ पुरुष बोलीत सहसा आढळत नाही.

पुरुषासाठी शब्द नव्हते असे नव्हे. षंढ, नपुंसक आणि फारसीतून आलेला नामर्द हे तिन्ही रुळले. परंतु हे शब्द संभोगाच्या असामर्थ्याचे वाचक आहेत. बीजाच्या वैगुण्याचे नाहीत. ज्या पुरुषाचे शरीरसामर्थ्य अबाधित आहे, पण ज्याच्या वीर्यात गर्भधारणेस पुरेसे बीज नाही, त्याला बोलभाषेत नाव नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द फलाचा अभाव सांगतो, कारण सांगत नाही. शिवाय कन्येचा बापही या शब्दाच्या कक्षेत येतो. आज वैद्यकीय लेखनात ‘पुरुष-वंध्यत्व’ असे म्हणावे लागते. ‘वंध्यत्व’ एवढेच म्हटले तर ऐकणारा ते स्त्रीचे धरून चालतो, म्हणूनच या शब्दामागे ‘पुरुष’ जोडण्याची गरज पडते.

दुसरा शब्द मेदाच्या बाजूचा. संस्कृत ‘स्थूर’, ‘स्थूल’ यांपासून प्राकृत ‘थोर’ आले आणि तेच मराठीत मोठेपणाचे विशेषण झाले. थोर म्हणजे आधी आकाराने मोठा, मग मानाने मोठा. अन्नाच्या टंचाईत जगलेल्या समाजात भरलेले अंग हे समृद्धीचे चिन्ह ठरले यात नवल नाही. ‘खात्यापित्या घरचा’ हा वाक्प्रचार आजही स्थूल पुरुषाविषयी कौतुकाने वापरला जातो. अशा रीतीने एका दोषाला भाषेने नाव दिले नाही आणि दुसऱ्याला मानाचे नाव दिले. या दोन दोषांचा परस्परसंबंध लोकव्यवहाराच्या नजरेस आला नाही, तो या दुहेरी आवरणामुळे.

२. संहितांतील विचार

वैद्यकग्रंथांची भाषा मात्र निराळी होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य शरीरांचे आठ प्रकार सांगून त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विस्तार केला आहे. अतिस्थूलाला जडणारे आठ दोष तेथे मोजले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदपणा, दौर्बल्य, दुर्गंधी, घाम, अतिशय भूक आणि अतिशय तहान यांच्या बरोबरीने ‘कृच्छ्रव्यवायता’ म्हणजे समागमातील कष्ट हा एक दोष येतो. त्याची कारणे दोन दिली आहेत : शुक्र अल्प असते आणि मेदाने मार्ग झाकलेला असतो. स्थौल्याच्या कारणांत व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’ही सांगितला आहे, म्हणजे आनुवंशिक प्रवृत्तीची दखल तेथे आहे.

सुश्रुतसंहितेने हीच गोष्ट धातूंच्या क्रमाने मांडली. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायातील विवेचनाचा आशय असा, की मेद वाढला म्हणजे कफ व मेद यांनी वाटा अडतात, पोषण मेदालाच मिळत राहते आणि पुढचे धातू उपाशी राहतात. आयुर्वेदाच्या धातुक्रमात शुक्र शेवटचे असल्याने त्याची उपेक्षा सर्वांत अधिक होणार हे ओघानेच आले.

‘वाजीकरण’ या शब्दाची घडणही येथे पाहण्याजोगी आहे. ‘वाजी’ म्हणजे घोडा. आणि जे नव्हते ते होणे, या अर्थाचा च्वि-प्रत्यय त्यात आहे. जो वाजी नाही त्याला वाजी करणे, असा त्याचा सरळ अर्थ. या नावावरून ही शाखा केवळ रतिसामर्थ्याची होती असा समज होतो; परंतु चरकाच्या चिकित्सास्थानातील वाजीकरणाध्यायात अपत्य हाच मुख्य हेतू आहे. निःसंतान पुरुषाला तेथे सावली नसलेल्या, एकाच फांदीच्या, फळहीन झाडाची उपमा दिली आहे. लोकभाषेने स्त्रीला चिकटविलेली वांझ झाडाची प्रतिमा शास्त्रग्रंथाने पुरुषाला लावली, हा फरक लहान नव्हे. चिकित्सास्थानाच्या दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात क्लैब्याचे चार प्रकार येतात : बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. पुरुषाच्या बीजाचा दोष आणि इंद्रियाचा दोष हे दोन वेगळे मानले गेले होते, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होय. सुश्रुताने शारीरस्थानात शुक्राचे आठ दोष सांगितले, त्यांत ‘क्षीण’ हाही एक आहे.

उपचारांची दिशा आता स्पष्ट होते. वाजीकरणाची द्रव्ये बृंहण आहेत : दूध, तूप, उडीद, साखर, मांसरस, आत्मगुप्ता म्हणजे खाजकुहिलीचे बी. स्थौल्याची द्रव्ये याच्या नेमकी उलट, लेखन म्हणजे खरवडून काढणारी. सुश्रुताच्या यादीत शिलाजतु, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्माची पूर्वावस्था असलेले लोहरज, मध, जव, मूग, कोरदूषक व श्यामाक आहेत. कोरदूषक म्हणजे कोद्रव, तोच कोदो. श्यामाक म्हणजे सावा. पचण्यास जड पण पोषण न वाढविणारे अन्न स्थूलाला द्यावे, असे चरकाचे सूत्र आहे. आणि वाजीकरण कोणाला द्यावे याविषयी त्याच ग्रंथाची अट अशी, की स्रोतसे शुद्ध झाल्यावरच वृष्य द्रव्य घ्यावे. मळलेल्या शरीरात ते फळत नाही.

ही तीन विधाने एकत्र ठेवली म्हणजे निष्कर्ष अटळ होतो. स्थूल पुरुषाच्या बीजक्षयात आधी मेद उतरवावा, मार्ग मोकळा करावा. भर घालण्याचे काम त्यानंतरचे.

३. पाकांचा व जाहिरातींचा काळ

हा क्रम पुढे व्यवहारात टिकला नाही. मध्ययुगीन व उत्तरकालीन ग्रंथांतून वृष्य पाकांची संख्या वाढत गेली. काळी मुसळी व सफेद मुसळी या त्यांत रुळल्या. यांतील काळी मुसळी ही वेगळ्याच कुळातील वनस्पती. सफेद मुसळीच्या नावाखाली क्लोरोफायटम गणातील अनेक जाती खणल्या जात. त्यांपैकी सर्वांत अधिक मागणी असलेल्या जातीला सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मुंबईजवळच्या बोरिवलीवरून ‘बोरिविलिआनम’ हे शास्त्रीय नाव दिले. मुसळीपाकात मुळापेक्षा तूप, दूध व साखर यांचेच प्रमाण मोठे असते. कृश व अशक्त पुरुषाला ते उपयुक्त ठरू शकेल. ज्याच्या दोषाचे मूळच मेदात आहे त्याला तेच औषध रोगाचे खाद्य होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखाना व टपाल यांनी औषधाला नवा ग्राहक मिळवून दिला. वैद्यकाचे मराठी ग्रंथकर्तृत्वही याच काळात बहरले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. परंतु ग्रंथांतील विवेक जाहिरातींत उतरला नाही. ‘धातुपुष्टी’ या एका शब्दाने बीजदोष, इंद्रियदोष, थकवा आणि भीती यांना एकत्र बांधले. रोग्याचे वजन किती, हा प्रश्न त्या शब्दाच्या कक्षेतच नव्हता. टपालाने औषध मागविणाऱ्याला कोणी तपासत नव्हते आणि तपासणी टळणे हेच त्या औषधाचे मोठे आकर्षण होते.

याविरुद्ध मराठीत उभा राहिलेला पहिला सातत्याचा आवाज रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात उघड उत्तरे दिली जात. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बचाव केला, तरीही शिक्षा टळली नाही. पुरुषाने आपल्या शरीराविषयी विचारलेला प्रश्न हा गुन्ह्याचा विषय होऊ शकत होता, एवढे त्या खटल्यावरून कळते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. १९६३ च्या दुरुस्तीने त्याला जोडलेल्या अनुसूचीत ५४ नोंदी आहेत. त्यांत स्थूलता आहे, लैंगिक दुर्बलता आहे आणि ‘स्त्रियांचे वंध्यत्व’ आहे. पुरुषाच्या वंध्यत्वाची स्वतंत्र नोंद नाही. कायद्याचा हेतू चांगलाच होता. पण जी उणीव बोलीत होती तीच कायद्याच्या शब्दांत उतरली. षंढत्वाला नाव मिळाले, स्त्रीच्या वांझपणाला मिळाले, पुरुषाच्या बीजदोषाला मिळाले नाही.

४. संप्रेरकांचे शास्त्र आणि जुनी चूक

युरोपात लेव्हेनहुकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. तथापि पुरुषाच्या उपचाराला नवे वळण लागले ते विसाव्या शतकात. १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या प्रयोगशाळेत बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. जे कमी आहे ते बाहेरून द्यावे, हा विचार इतका सरळ वाटला, की त्याची उलट बाजू ध्यानात येण्यास वेळ लागला.

ती बाजू अशी. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी आपल्या संप्रेरकांनी वृषणांना काम करावयास लावते. रक्तात टेस्टोस्टेरॉन बाहेरून आले, की ग्रंथीला काम पुरे झाल्याचा संदेश मिळतो. ती आपली आज्ञा मागे घेते आणि शुक्रजंतूंची निर्मिती थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिले होते. पहिल्या सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू उरले नाहीत. हा प्रयोग संततिनियमनाचा होता. जे द्रव्य संततीसाठी घेतले जाते तेच संततीचा प्रतिबंध करते, हे त्यातून सिद्ध झाले. ‘पुरुषत्व’ आणि ‘बीज’ या भाषेने एकत्र मिसळलेल्या दोन गोष्टी शरीरात निराळ्या आहेत, हेच येथे पुन्हा दिसले.

मेदाचा भाग याहून महत्त्वाचा. चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज हे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल या स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. चरबी जितकी अधिक, तितके हे रूपांतर अधिक. आणि वाढलेले इस्ट्राडायॉल पोष ग्रंथीची आज्ञा आणखी दाबते. इन्शुलिनचा बिघडलेला व्यवहार, झोपेतील श्वासरोध आणि वृषणांभोवतीची वाढलेली उष्णता हीही कारणे त्यात मिळतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात २१ अभ्यासांतील १३,०७७ पुरुषांची माहिती तपासली गेली. शुक्रजंतू कमी असण्याचा अथवा मुळीच नसण्याचा संभव नेहमीच्या वजनाच्या पुरुषांच्या तुलनेने स्थूलांत १.२८ पट आणि अतिस्थूलांत २.०४ पट आढळला.

चरकाचा ‘आवृत मार्ग’ म्हणजेच ॲरोमाटेज, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा. प्राचीनांना संप्रेरके माहीत नव्हती. शुक्राच्या मार्गाची त्यांची कल्पना स्रोतसांच्या सिद्धांतातून आलेली होती. एका काळाच्या शब्दात दुसऱ्या काळाचा अर्थ ओतल्याने दोन्ही काळांवर अन्याय होतो. दोहोंत साम्य आहे ते यंत्रणेचे नव्हे, निरीक्षणाचे व क्रमाचे : दोष मेदात आहे, म्हणून उपचार मेदापासून सुरू व्हावा.

५. स्त्रीच्या औषधपेटीतून

पुढील औषधांचा इतिहास वेगळ्याच कारणाने लक्षणीय आहे. क्लोमिफीन हे औषध १९६७ साली अमेरिकेत स्त्रियांच्या बीजोत्सर्गासाठी मान्य झाले. ते इस्ट्रोजेनचा संदेश मेंदूपर्यंत पोचू देत नाही, म्हणून पोष ग्रंथी पुन्हा जागी होते. पुरुषातही हेच घडते. ॲनास्ट्रोझोल व लेट्रोझोल ही ॲरोमाटेज रोखणारी औषधे स्तनांच्या कर्करोगासाठी निर्माण झाली. आज तज्ज्ञ ती काही निवडक पुरुषांना देतात. गर्भवतीच्या मूत्रात प्रथम सापडलेले एचसीजी हे संप्रेरकही वृषणांना चेतना देण्यासाठी वापरले जाते. ज्या दोषाचे नाव भाषेने केवळ स्त्रीला दिले, त्या दोषावरील पुरुषाची औषधे स्त्रीसाठी केलेल्या औषधांतून आली. मात्र स्थूल पुरुषाच्या वंध्यत्वावरील औषध अशी या गोळ्यांना अधिकृत मान्यता नाही; त्या तपासणीनंतर, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाच्या असतात. संततीची इच्छा असलेल्या पुरुषास नुसते टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असे अमेरिकेतील मूत्ररोग व प्रजननवैद्यक संस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नमूद आहे.

मेद उतरविणाऱ्या औषधांचा प्रवास स्वतंत्र आहे. गुग्गुळाविषयी सुश्रुताने सांगितलेल्या गुणांची कसोटी जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ च्या प्रबंधात घेतली. त्यातूनच पुढे गुगुलिपिड हे औषध निघाले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील नियंत्रित चाचणीत मात्र त्याने कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले नाही. गेल्या दशकात जीएलपी-१ वर्गाची लिराग्लुटाइड व सेमाग्लुटाइड ही औषधे पुढे आली. डेन्मार्कमधील २०२२ च्या एका अभ्यासात स्थूल पुरुषांना आठ आठवडे दररोज सुमारे ८०० किलोकॅलरींचा आहार दिला गेला. सरासरी १६.५ किलो वजन उतरले आणि शुक्रजंतूंची घनता सुमारे दीडपट झाली. त्यानंतर व्यायामाने वा लिराग्लुटाइडने ज्यांनी वजन उतरलेले राखले, त्यांचा हा लाभ वर्षभर टिकला. ज्यांचे वजन परतले, त्यांचा टिकला नाही. स्लोव्हेनियातील २५ मधुमेही स्थूल पुरुषांवरील २४ आठवड्यांच्या लहान चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांच्या शुक्रजंतूंची घडण सुधारली, तर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या शुक्रजंतूंची संख्या घटली. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांवरून अपत्यप्राप्तीची हमी देता येत नाही. परंतु भर घालणे आणि भार उतरविणे या दोन मार्गांची समोरासमोर तुलना स्लोव्हेनियातील चाचणीत झाली, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

६. समारोप

हा प्रश्न आता केवळ शहरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या पुरुषांत अतिवजन वा स्थूलता असलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ९.३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २२.९ टक्के झाले. ज्या मुलखात कुपोषण हाच दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिला, तेथील तालुक्यांच्या गावीही बैठा व्यवसाय, दुचाकी आणि तळलेले खाणे पोचले आहे. कोदोची जागा तांदळाने घेतली, आणि रानातील मुसळी मात्र पाकांसाठी बाहेर जातच राहिली.

न बोललेले दुखणे किती मोठे असू शकते, याचा धडा याच प्रदेशाने जगाला दिला आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्यांतील फारच थोड्यांनी पूर्वी उपचार घेतले होते. ज्या दुखण्यांना भाषेत नावे होती तीही अशी अबोल राहिली. मग ज्याला नावच नाही ते किती अबोल राहत असेल, याची कल्पना करता येते. त्या अबोलपणाची किंमत पुरुषाने क्वचितच मोजली. अपत्य झाले नाही की नवस, उपास, वैद्य आणि अखेरीस सवत हे सारे स्त्रीच्या वाट्यास आले. वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या तपासणीतील सर्वांत सोपी आणि स्वस्त पायरी. जागतिक आरोग्य संघटनेने तिची प्रमाणित पद्धती १९८० पासून पुस्तकरूपाने दिली आहे. तरीही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते.

औषधांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. स्थूल पुरुषाच्या बीजदोषावर पाक आणि इंजेक्शन यांनी एकच चूक केली : जे उणे दिसले ते ओतले, जे अधिक होते त्याकडे पाहिले नाही. चरकाच्या अध्यायाने आणि डॅनिश चाचणीने, परस्परांपासून फार दूर उभे राहून, उलट क्रम सांगितला. शब्दांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष त्याच्या आधीचा आहे. तपासणी कोणाची करावयाची हे औषधाच्या निवडीपूर्वीच ठरते, आणि ते बव्हंशी भाषा ठरविते. चिमूरच्या घरात अपत्याचा प्रश्न निघेल तेव्हा पहिले बोट कोणाकडे वळते, हे ‘वांझ’ या एका शब्दाने शतकानुशतके ठरविले आहे. संहितेतील ‘बीजोपघात’ हा शब्द ग्रंथांतून बाहेर येऊन मराठीच्या नित्य व्यवहारात आला असता, तर ते बोट कदाचित दोघांकडे वळले असते.